इंदूताईंचा डावा हात

इंदूताईंच्या उजव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या आणि सोन्याच्या पाटल्या असायच्या. डावा हात मात्र कोपरापर्यंत मोकळा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाईंचा काही नवस असेल, नाहीतर हाताला दुखापत झाली असेल. मी कंपनीत नवीन लागले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मी धाराशिवकडची, आमच्यात मनात ठेवून कुढायची पद्धत नाही, म्हणून सरळ विचारून टाकलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "हा हात कामावर असतो."

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपन्या इतक्या आहेत की आमच्या कंपनीत काय बनतं ते सांगितलं तर लोकांना चेष्टा वाटते. आम्ही वास बनवतो. साबणाचा, उदबत्तीचा, फरशी पुसायच्या औषधाचा आणि अंगावर मारायच्या स्प्रेचाही. बाटलीवर नाव दुसऱ्याचं असतं, आतला वास आमचा. आणि अंगावर लावायचा कुठलाही वास कंपनीच्या फाटकाबाहेर पडायच्या आधी इंदूताईंच्या डाव्या मनगटावरून जायचा. वास जुळवणारे परदेशात शिकून आलेले असोत, गिऱ्हाईक मुंबईचं असो, खुद्द मालकांना वास आवडलेला असो, सगळ्यांची गाडी त्या मनगटापाशी येऊन थांबायची.

ताईंचं माहेर राजगुरुनगरजवळचं, सासर कुरुळीचं. सासरची शेती कंपन्यांखाली गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधून त्या कामगारांना भाड्यानं दिल्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव बापू म्हणतं, त्या खोल्यांचं बघतात. ताई रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. मीटिंगमध्ये स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या, अधूनमधून इंग्रजीही ठणकवायच्या. पण निकाल मात्र कायम कुरुळीच्या बोलीत. "ह्यात जीव न्हाई" असं त्या म्हणाल्या की समजायचं, विषय संपला. आणि निकाल लागायच्या आधी त्या कधीही 'सुगंध' म्हणायच्या नाहीत. आधी वास, मग पास झाला तर सुगंध, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

त्या हातासाठी बाईंनी काय काय सोडलं होतं ते कळत गेलं तसतशी मी गप्प होत गेले. डोक्याला तेल नाही, गजरा नाही, पावडर नाही. अंगाला बिनवासाचा साबण, कपडे साध्या सोड्यात धुतलेले. बांगडीखाली घाम साचतो आणि वास वेगळाच लागतो, म्हणून डाव्या हातात बांगडी नाही. घरातल्या देवाला फूल कुठलं, तर जास्वंद, कारण तिला वास नसतो. उदबत्ती लावायची तर सासूबाईंनी शेजारणीच्या ओट्यावर जाऊन लावायची आणि तिथूनच देवाला हात जोडायचे. देव समजूतदार असावा. सासूबाई तेवढ्या नव्हत्या. लग्न झालेली बाई एका हातात बांगड्या घालून गावभर फिरते, याचं त्यांना फार लागलं होतं. दारात येईल त्याला त्या सांगायच्या, "आमच्या सुनंनं येक हात कंपनीला दिलाय." बापू सांगतात की सुरुवातीची कितीतरी वर्षं त्या हे रडकुंडीला येऊन सांगायच्या, आणि नंतर नंतर तेच वाक्य पाहुण्यांना चहा देताना मोठ्या ऐटीत सांगायच्या.

लोकांना वाटायचं, अशा बाईला सगळ्या जगाचा वास कळत असणार. कॅंटीनमध्ये कुणीतरी हमखास समोर यायचा आणि सकाळी मी काय खाल्लं ते ओळखा म्हणायचा. ताई जेवता जेवता सांगायच्या की मी पोलिसांचं कुत्रं न्हाई, बायकोला इचारा. अशा करामतींचा त्यांना मनापासून कंटाळा होता. ओळखणं सोपं आहे, ठरवणं अवघड, हे त्यांनी मला एकदा हात धुता धुता सांगितलं होतं.

त्यांची ठरवायची पद्धत बघण्यासारखी होती. आमच्याकडे कागदाच्या पट्टीवर वास घेतात. पट्टी बुडवायची, हलवायची, नाकाशी धरायची. ताई पट्टीला फक्त ओळख-परेड म्हणायच्या. खरं काम हातावर. सकाळी आल्या आल्या मनगटावर वास लावायचा, आणि तो एकदाच. हा एकदाच त्यांचा कायदा होता. दुसऱ्यांदा लावावा लागला तर तो वास नापास, मग तो कितीही गोड असो. एकदा लावला की त्याला घेऊन दिवस काढायचा. उन्हाळ्याचा वास असेल तर एसीच्या खोलीत बसायचं नाही. ताई डोक्यावर पदर घेऊन हायवेपर्यंत चालत जायच्या, शेअर रिक्षात बायाबापड्यांच्या मध्ये दाटीनं बसायच्या, चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये धूर खात उभ्या राहायच्या आणि तशाच परत यायच्या. मग मशिनच्या शेडमध्ये एक चक्कर, मग कॅंटीनमध्ये ठेचा-भाकरी. दुपारच्या चहाला टेबलावर हात ठेवून त्या मनगट नाकाशी न्यायच्या, आणि आम्ही सगळे परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारखे उभे.

एकदा मुंबईहून मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं आली होती. त्यांच्या फायलीत समुद्राचे, पांढऱ्या घरांचे आणि सुंदर मुलींचे फोटो. वास खरोखर छान होता, मी स्वतः पट्टी पर्समध्ये टाकली होती. ताई तो लावून नेहमीची चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "वास चांगलाय. पण त्याला घाम ठावा न्हाई." मुंबईची माणसं हसली. मग त्यांच्यातल्या एकानं हौसेनं मनगटाला वास लावला आणि तो आमच्या शेडमध्ये फिरून आला. परत आला तेव्हा स्वतःचाच हात स्वतःपासून लांब धरून उभा होता. फोटोंची फाईल बंद झाली आणि वास नव्यानं जुळवायला घेतला. ताईंनी त्या माणसाला आग्रहानं मठ्ठा पाजला, हेही सांगितलं पाहिजे.

आता ज्या वासाबद्दल सांगायचं आहे तो कौस्तुभचा. कौस्तुभ निगडीचा मुलगा, वास जुळवायचं शिक्षण बाहेर घेऊन आलेला, बोटं लांबसडक आणि बोलणं कमी. आल्यापासून त्याच्या वाट्याला फरशीच्या औषधांचे वासच आले होते. वडिलांना तर तो नक्की काय काम करतो हेच कळत नव्हतं, ते त्याला अधूनमधून खरी नोकरी कधी बघणार असं विचारायचे. मग एका उन्हाळी स्प्रेचं काम आलं आणि त्यानं ते मागून घेतलं. हे जमलं नाही तर वास सोडून मी दुसरं काहीतरी करेन, असं तो मला बोलला होता, आणि तो उगीच बोलणाऱ्यातला नव्हता.

त्यानं वर, म्हणजे नाकाला आधी लागेल अशी, ईडलिंबाची साल ठेवली, थोडी मोसंबी, आणि लिंबाचं पान चुरगाळल्यावर येतो तो हिरवा तिखटपणा. खाली, मागून सावकाश येणारं, देवदाराचं लाकूड आणि वाळा. पट्टी नाकाशी नेली आणि मला आमच्या घराच्या मागच्या पडवीतला माठ आठवला. वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी, शेजारी फोडलेलं लिंबू, आणि बाहेर डोळे दिपतील असं ऊन. गिऱ्हाइकाला वास आवडला, मालकांना आवडला. उरलं होतं एक मनगट.

पहिल्या दिवशी चहाच्या वेळेला ताईंनी मनगट हुंगलं आणि मान हलवली. "लिंबू थांबत न्हाई. दारातनंच माघारी गेलं. मागं नुसतं लाकूड, सुताराच्या दुकानात बसल्यावानी." कौस्तुभनं लिंबू वाढवलं. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तो जेवायला यायचा बंद झाला, त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. मला मनातून वाटायचं की ताई उगीच ताणतायत, पण ते बोलायची माझी छाती नव्हती. तिसऱ्या खेपेला त्यानं लिंबू आणखी चढवलं आणि पट्टी स्वतः हुंगलीसुद्धा नाही, तशीच बाटली पुढे सरकवली. त्या दिवशी ताई ऊन खाऊन आल्या, मनगट नाकाशी धरलं, डोळे मिटले. "हां. आता जमलं." कौस्तुभ जवळच्या खुर्चीत बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पेढे वाटले. मीही आनंदानं तोच पास झालेला वास सकाळी हातावर लावला होता. जेवायच्या सुट्टीत ताई आणि मी समोरासमोर बसलो होतो. कॅंटीनच्या शेवंतामावशी माझ्या ताटात आमटी वाढायला वाकल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "काय गं वर्षा, भांडी घासून हात न धुताच आलीस व्हय?"

सगळं टेबल हसलं. मीही हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, टेबलावरून माझा हात ओढून घेतला आणि हुंगला. मग आपलं डावं मनगट हुंगलं, कारण सवयीनं त्यांनीही तोच वास लावला होता. मग परत माझा हात. मी माझं मनगट नाकाशी नेलं तर मावशींचं खरं होतं. लिंबू एवढं अंगावर येत होतं की भांड्यांच्या साबणाची वडीच हातात धरल्यासारखं वाटत होतं. ताईंच्या मनगटावर मात्र तोच वास शांत, पाहिजे तेवढाच होता. ताई जेवण अर्धं टाकून उठल्या. अन्न टाकलेलं मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस त्या कंपनीभर हात मागत फिरल्या. एका पिशवीत दोन बाटल्या, एक पहिल्या खेपेची आणि एक पास झालेली. पॅकिंगच्या बायका, फाटकावरचे वॉचमन, टेम्पोचे ड्रायव्हर, शेवंतामावशी, जो भेटेल त्याला म्हणायच्या, हात द्या. डाव्यावर पहिला वास, उजव्यावर तिसरा. मग त्या माणसाला आपलं काम करू द्यायचं, आणि ऊन उतरायच्या आत परत जाऊन दोन्ही हात हुंगायचे. लोकांना गंमत वाटत होती. एक ड्रायव्हर लाजून लाल झाला, दुसऱ्यानं बायकोला दाखवायला फोटो काढून घेतला. ताई सगळ्यांशी हसून बोलत होत्या. त्यांचा स्वतःचा डावा हात मात्र त्या सगळ्या दिवसांत पदराखाली होता, आणि ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं.

प्रत्येक हातावर पहिला वासच खरा ठरला. लिंबू यायचं, थांबायचं, सावकाश मागे सरायचं आणि वाळा पुढे यायचा. कौस्तुभनं जे जुळवलं होतं ते पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसची वाट बघत होतो. ताई म्हणाल्या, "वर्षा, वास बदलला न्हाई. माजा हात बदललाय."

मी काहीबाही बोलले. दगदग झाली असेल, उन्हाळा जास्त आहे, एखादं औषध चालू असेल. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग मागच्या उन्हाळ्यातले वास एकेक करून आठवायला लावले. प्रत्येकात आपण लिंबू वाढवायला लावलं होतं, हे त्या सांगत गेल्या आणि मी ऐकत गेले. वयानं कातडी कोरडी पडते, तिच्यावर लिंबू टिकत नाही, हे त्यांनी स्वतःच आम्हाला शिकवलं होतं. फक्त ते ज्या हातावर शिकवलं तोही एक दिवस म्हातारा होईल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मोजायची काठीच आखडली होती आणि आम्ही कापड लांब झालं म्हणत होतो.

खरं सांगते, त्यांनी काहीच बोलायची गरज नव्हती. पुन्हा एकदा बघू, लिंबू जरा जास्त झालंय, एवढं म्हटलं असतं तरी पहिली बाटली गुपचूप पास झाली असती. कुणी प्रश्न विचारला नसता. त्या हातावर सगळ्या कंपनीचा विश्वास होता आणि तो हात म्हणजे इंदूताई होत्या. एवढी वर्षं जपलेलं काहीतरी असं सहज सोडून देणं मला तरी जमलं नसतं.

त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मालक, आम्ही सगळे, कौस्तुभ. त्या दिवशी मीटिंगमध्ये त्या पहिल्यांदाच सुरुवातीपासून कुरुळीच्या भाषेत बोलल्या.

"पयला वास पास हाय. मी त्याला नापास केला, ती चूक माज्या हाताची. ही कातडी आता लिंबू धरत न्हाई. आजपासनं ह्या हातावर निकाल लावू नका."

मालक म्हणाले की ताई, तुमचा हात म्हणजे ही कंपनी आहे.

"म्हणूनच सांगतीया," ताई म्हणाल्या.

कौस्तुभ उठून त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला वाकू दिलं नाही. त्याचं मनगट धरून वर केलं, हुंगलं, आणि म्हणाल्या की पोरा, तुझ्यावर झ्याक बसलाय. तो मुलगा तिथंच सगळ्यांसमोर रडला. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला वाईट वाटत होतं आणि त्याहून कितीतरी मोठं काहीतरी वाटत होतं. बाईंचं नाक शाबूत होतं, म्हणूनच तर हाताची चूक सापडली. स्वतःच्या हाताला नापास करणारं नाक मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि पुढे पाहीन असंही वाटत नाही.

त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत काम करतच होत्या. फक्त आता हात दुसऱ्यांचे होते; त्यांचा डावा हात नोकरी संपेपर्यंत तसाच मोकळा राहिला. तरुण, म्हातारे, तेलकट, कोरडे, बायकांचे, पुरुषांचे, अशा हातांची माणसं त्यांनी कंपनीतून निवडून ठेवली, आणि आजही आमच्याकडे अंगावरचा वास तसाच ठरतो. कौस्तुभचा स्प्रे दुकानांत गेला. त्याच्या वडिलांनी म्हणे मोठी बाटली घेतली आणि सोसायटीत सगळ्यांना फवारून दाखवली.

मी चऱ्होलीला राहते. आमच्या सोसायटीत चैत्रात हळदीकुंकू असतं, आंब्याची डाळ आणि पन्हं असतं. मी ताईंना दरवर्षी बोलवायचे आणि त्या दरवर्षी यायच्या. कुंकू लावून घ्यायच्या, डाळ मागून घ्यायच्या, पण अत्तराची कुपी घेऊन कुणी पुढे आलं की दोन्ही हात पाठीमागे. बायकांना ते विचित्र वाटायचं. एकदा एक बाई कुजबुजली होती की ह्यांना अत्तराचं वावडं आहे वाटतं, आणि मला हसू आवरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर पहिल्या चैत्रात त्या आल्या तेव्हा मी दारातच थांबले. केसांना तेल होतं, चापूनचोपून अंबाडा घातला होता आणि त्यावर मोगऱ्याचा भरगच्च गजरा. आणि दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले. डाव्या हातातल्या बांगड्या नव्या कोऱ्या, उजव्या हातातल्यांपेक्षा जास्त हिरव्या. माझं तिकडे लक्ष गेलेलं त्यांना कळलं. हात वर करून त्यांनी बांगड्या वाजवून दाखवल्या.

"कंपनीनं हात परत दिला," त्या म्हणाल्या. "सासूबाई बघाय पायजे हुत्या."

त्या दिवशी मी अत्तराच्या जागी कौस्तुभची बाटली ठेवली होती. ताईंपुढे गेले तर त्यांनी हात मागे नेला नाही. बांगड्या वर सारल्या आणि डावं मनगट माझ्यापुढे धरलं. मी बोटानं वास लावला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना नुसता वास लावत होतं. पुढे काही ठरवायचं नव्हतं. त्यांनी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इतक्या वर्षांत चहाच्या टेबलापाशी कधीच पाहिलं नव्हतं. बाई लहान मुलीसारख्या लाजल्या होत्या.

मग बायकांची ये-जा सुरू झाली, पन्हं झालं, उखाणे झाले. माझा हात रिकामा झाला तेव्हा मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी मनगट माझ्याकडे केलं आणि कसा वाटतो ते विचारलं. निकाल त्या मला विचारत होत्या. मी हुंगलं. मोगरा होता, तेल होतं, पन्ह्यातली वेलची होती. लिंबाचा मागमूस नव्हता.

"गेला न्हवं?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "गेला, ताई."

त्या हसल्या. बांगड्या वर सारल्या आणि तो हात पुन्हा माझ्यापुढे धरला.

"लाव परत."